माल कोणाच्या ताब्यात, कागद कोणाच्या हातात

गेल्या फेब्रुवारीत पलूस तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे तीन तरुण संचालक सांगलीच्या मार्केट यार्डातील आमच्या पेढीवर आले. पश्चिम आफ्रिकेतील एका देशाच्या मंत्रालयाचे म्हणून आलेले पत्र त्यांच्याकडे होते. पत्रावर राजमुद्रा होती, संदर्भ क्रमांक होता, दोन सह्या होत्या आणि वीस कंटेनर बेदाणा व दहा कंटेनर हळद पावडर यांची मागणी होती. त्यांनी कळवलेला दर जसाच्या तसा मान्य झाला होता आणि करार होताच निम्मी रक्कम आगाऊ मिळणार होती. पुरवठादार म्हणून नाव नोंदवण्यासाठी तेथील एका वकिलाकडे काही हजार डॉलर भरायचे, एवढेच बाकी होते, आणि ते दोन दिवसांत भरायचे होते. बँकेतून ही रक्कम बाहेर कशी पाठवावी, हे विचारण्यासाठी ते माझ्याकडे आले होते.

"या खरेदीदाराने बेदाण्याबद्दल तुम्हाला काय काय विचारले?" असे मी त्यांना विचारले. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना काहीच विचारले गेले नव्हते.

चौदा वर्षे मी हळद आणि बेदाणा बाहेर पाठवते आहे. या काळात ज्याने शेवटी खरोखर पैसे दिले, असा एकही ग्राहक पहिल्या पत्रात दर मान्य करून मोकळा झालेला मला आठवत नाही. खरा ग्राहक आधी आपला जीव खातो. बेदाणा असेल तर रंग कोणता, मण्यांचा आकार किती, ओलावा किती टक्के, गंधकाचा अंश किती, देठ किती राहतात, कीडनाशकांचा आणि ऑक्रेटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा तपासणी अहवाल कोणत्या प्रयोगशाळेचा, हे सगळे तो विचारतो. हळद असेल तर कुर्कुमिनचे प्रमाण, शिशाची तपासणी, सुदान रंगाची तपासणी, साल्मोनेला, हळकुंड पॉलिश केलेले की बिगर पॉलिश, पिशवी कोणती, असे प्रश्न आठवडाभर येत राहतात. नमुना मागवतो, तो नापसंत करतो, दुसरा मागवतो, मग दरावर घासाघीस करतो. माल विकत घेऊन पुढे विकायचा असल्यामुळे त्याला हे सगळे जाणून घेणे भाग असते. ज्याला माल नकोच आहे, त्याला मालाची चौकशी करण्याची गरज पडत नाही. तीस कंटेनर माल एकही प्रश्न न विचारता घेणारे सरकार जगात कोठेही नाही, हे त्या मुलांना पटायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा उतरली ती पाहणे मला जड गेले.

या प्रकारात नवीन काही नाही. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीच्या कलमावरून याला '४१९' असे नावच पडले आहे. कधी नोंदणी शुल्क मागतात, कधी करार नोंदवण्याचा खर्च, कधी तेथील अन्न व औषध विभागाच्या परवान्याचे पैसे. चीनच्या बाजूचा प्रकार थोडा वेगळा असतो. करारावर सही करण्यासाठी आपल्याला तेथे बोलावतात आणि नोटरीचा खर्च, भोजन व भेटवस्तू यांचा भार आपल्यावर टाकतात. काही वेळा पैसे मागितलेच जात नाहीत. आपल्या लेटरहेडवर दोन-तीन माणसांसाठी निमंत्रणपत्र हवे असते आणि त्याचा उपयोग भारताचा व्हिसा मिळवण्यासाठी होतो. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार ओळखायला तसा सोपा आहे, म्हणून मी येथे फार थांबत नाही. अनुभवी निर्यातदारही ज्यात अडकतात ते प्रकार वेगळे आहेत.

माझे वडील, अण्णा, यांनी पस्तीस वर्षे याच यार्डात हळदीची अडत केली. सौद्याला उभा राहणारा प्रत्येक व्यापारी कोणत्या गल्लीत राहतो, त्याच्या मुलीचे लग्न कोठे झाले, मागच्या मंदीत त्याने देणी कशी फेडली, हे त्यांना ठाऊक असे. पत म्हणजे काय, हे त्यांना कागदावर पाहावे लागत नसे. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला आणि २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आपल्या भागातील पुष्कळ तरुण थेट निर्यातीकडे वळले आहेत. त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आपण यार्डातली ही सवय बरोबर घेऊन जातो आणि ज्याला पाहिले नाही त्याच्याही शब्दावर त्याच भरवशाने माल सोडतो. समोरच्या माणसाची पत पाहण्याचे अण्णांचे मार्ग समुद्रापलीकडे चालत नाहीत, म्हणून मी त्यांच्या जागी तीन प्रश्न ठेवले आहेत आणि व्यवहाराच्या प्रत्येक टप्प्यावर ते स्वतःला विचारते. या क्षणी माल कोणाच्या ताब्यात आहे? मालाचे मूळ कागद कोणाच्या हातात आहेत? आणि पैसे कोणाच्या खात्यात आहेत? ज्या क्षणी पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'समोरच्याच्या' आणि तिसऱ्याचेही 'समोरच्याच्या' असे येते, त्या क्षणी आपण व्यापार करत नसतो, उधारी देत असतो. उधारी देण्यात गैर काही नाही, पण ती आपण देत आहोत हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

तासगाव, पलूस, खानापूर या भागातील द्राक्ष बागायतदारांना उधारीच्या फसवणुकीची रीत सांगावी लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बाहेरचा व्यापारी येतो, पहिल्या काही गाड्यांचे पैसे बागेतच रोख मोजतो, दर गावापेक्षा दोन रुपये जास्त देतो, गावात खोली भाड्याने घेतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल भरात येतो तेव्हा तो धनादेश देऊ लागतो आणि एके दिवशी खोलीला कुलूप दिसते. परदेशात हाच खेळ आखाती देशांतील काही बाजारांत वर्षानुवर्षे चालतो. दुकान असते, गोदाम असते, व्यापार परवानाही खरा असतो. पहिला कंटेनर आगाऊ पैसे देऊन, दुसरा कागद पोचताच पैसे देऊन घेतला जातो. तिसऱ्या वेळी एकदम चार-पाच कंटेनरांची मागणी येते आणि साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत मागितली जाते. हमी म्हणून पुढील तारखेचे धनादेश मिळतात. संयुक्त अरब अमिरातीत २ जानेवारी २०२२ पासून, खात्यात पुरेशी रक्कम नसल्यामुळे न वटलेला धनादेश हा बहुतांशी दिवाणी वसुलीचा विषय झाला आहे, त्यामुळे 'धनादेश न वटल्यास तेथे तुरुंगात जावे लागते' ही आपल्याकडील जुनी समजूत आता आधाराला धरता येत नाही. पहिले दोन व्यवहार चोख झाले म्हणून तिसरा सुरक्षित होत नाही, कारण ते दोन व्यवहार म्हणजे फसवणाऱ्याने या धंद्यात घातलेले भांडवल असते. ग्राहक जुना होत जाईल तसा त्याच्या उधारीचा आकडा हळूहळू वाढावा, एकदम पाचपट होऊ नये, हा नियम आम्ही घरात कसोशीने पाळतो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती माझी स्वतःची आहे. पूर्व युरोपातील एक ग्राहक आमच्याकडून तीन वर्षे बेदाणा घेत होता. अट नेहमीची होती, ती म्हणजे ३० टक्के आगाऊ आणि उरलेले ७० टक्के बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याबद्दल जहाज कंपनी देते त्या कागदाची, प्रत मेलवर मिळताच. त्या वेळी माल न्हावा शेवाहून निघाला, मी प्रत पाठवली, आणि चार दिवसांनी ग्राहकाने पैसे भरल्याची पावती पाठवून मूळ कागद कुरिअर करण्यास सांगितले. आमच्या बँकेत रक्कम आली नव्हती. दोन दिवस वाट पाहून मी त्याला दूरध्वनी केला तेव्हा तो म्हणाला की तुम्हीच कळवल्याप्रमाणे नव्या खात्यात पैसे भरले आहेत. मी असे काहीही कळवले नव्हते. त्याने मला तो मेल परत पाठवला. भाषा माझी होती, खाली माझी सही होती, बीजक आमच्याच नमुन्यातले होते, क्रमांकही बरोबर होता. लेखापरीक्षणामुळे आमचे खाते तात्पुरते बंद असून रक्कम तिसऱ्याच देशातील एका खात्यात भरावी, असे त्यात लिहिले होते. मेलच्या पत्त्यातील 'एम' या इंग्रजी अक्षराच्या जागी 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरे शेजारी शेजारी बसवली होती. सांगितल्यावरही मला तो फरक दिसायला वेळ लागला.

नंतर संगणकाचे जाणकार आले तेव्हा खरा धक्का बसला. कोणी तरी आमच्या मेलपेटीत दोन महिने आधीच शिरले होते. ज्या मेलमध्ये बीजक किंवा पेमेंट हे शब्द असतील त्यांची प्रत आपोआप बाहेरच्या एका पत्त्यावर जावी, अशी सूचना त्यांनी आमच्याच पेटीच्या मांडणीत भरून ठेवली होती. दोन महिने तो माणूस आमचा पत्रव्यवहार वाचत होता. मी ग्राहकाला कसे संबोधते, कोणत्या वारी मेल पाठवते, हे त्याने शिकून घेतले होते आणि बिल ऑफ लेडिंग पाठवले जाण्याचा नेमका दिवस येईपर्यंत तो थांबला होता. ग्राहकाच्या बँकेने रक्कम परत मागवण्याचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत ती काढून घेण्यात आली होती. आम्ही वाचलो ते एकाच कारणाने: मूळ कागद अजून आमच्या तिजोरीत होते. ग्राहक सज्जन होता, आम्हीही अडून बसलो नाही. दोन आठवड्यांच्या बोलण्यानंतर नुकसान निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरले, त्याने उरलेली रक्कम योग्य खात्यात भरली आणि मग कागद निघाले. त्या वर्षीचा आमचा बेदाण्यातील सगळा नफा त्यात गेला.

हा प्रकार किती पसरला आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देते. अमेरिकेच्या एफबीआयकडे केवळ २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक मेल-फसवणुकीच्या तक्रारींतून २.९ अब्ज डॉलरपेक्षा जास्त नुकसानीची नोंद झाली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक कराराच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असे छापलेले असते की आमचे बँक खाते बदलणार नाही, आणि कधी बदललेच तर ते मेलने कळवले जाणार नाही. आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय पैसे भरू नयेत. ग्राहकाला मी आणखी दोन साध्या गोष्टी समजावून सांगते. भारतीय बँकांत आयबॅन, म्हणजे युरोपात व इतर काही देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ही पद्धत नाही, त्यामुळे आमच्या नावाच्या बीजकात आयबॅन लिहिलेला दिसला की थांबावे. आणि स्विफ्ट या बँकांमधील संदेशजाळ्यावर प्रत्येक बँकेला जो संकेत असतो, त्यातील पाचवे व सहावे अक्षर देशाचे असते. आमच्या बाबतीत ती अक्षरे 'आय' आणि 'एन' अशीच असली पाहिजेत. मेलपेटीला दुहेरी पडताळणी लावणे आणि महिन्यातून एकदा पेटीतील आपोआप पुढे पाठवण्याच्या सूचना तपासणे, यास दहा मिनिटेही लागत नाहीत. फसवणूक करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावरच फोन करून खात्री करणारे लोकही मी पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिते की क्रमांक जुन्या करारातून किंवा कंपनीच्या स्वतंत्रपणे शोधलेल्या संकेतस्थळावरून घ्यावा.

कागदांचे महत्त्व माझ्या प्रसंगातून दिसले, पण कागद हातात असणे म्हणजे माल हातात असणे, हे नेहमीच खरे नसते. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या मूळ बिल ऑफ लेडिंगवर मालाची मालकी चालते, आणि म्हणून त्यावर खरेदीदाराचे नाव थेट न घालता 'आदेशानुसार' किंवा त्याच्या बँकेच्या आदेशानुसार असे लिहून घेणे शहाणपणाचे असते. विमानाने जाणाऱ्या मालाच्या एअरवे बिलाला ती ताकद नाही. त्यावर ज्याचे नाव असेल त्याला विमानतळावर माल मिळतो, तुमचे कागद बँकेत पडून असले तरीही. दुसरी फट फॉरवर्डरची, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणाऱ्या मध्यस्थाची आहे. एफओबी, म्हणजे माल आपल्या बंदरात जहाजावर चढवून देण्याच्या अटीवर विक्री केली की जहाजाची व्यवस्था खरेदीदार करतो आणि बहुधा त्याच्याच ओळखीचा फॉरवर्डर नेमतो. हा फॉरवर्डर आपल्याला जहाज कंपनीचे बिल न देता स्वतःच्या नावाचे हाउस बिल देतो आणि तिकडे त्याचा सहकारी मूळ कागद न मागता माल सोडून देतो. अनोळखी ग्राहकाला मी एफओबीवर माल देत नाही. भाडे आपण भरतो, जहाज कंपनी आपण निवडतो आणि तिचे स्वतःचे बिल घेतो. दराला थोडा फरक पडतो. तो पडू द्यावा.

कंटेनर क्रमांकावरून जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर कंटेनर कोठे आहे ते कोणालाही पाहता येते. चार अक्षरे आणि सात अंक एवढाच तो क्रमांक असतो. कागद अजून परदेशी बँकेत असताना कंटेनर बंदराच्या फाटकाबाहेर गेल्याची नोंद दिसली, तर त्याच तासाला जहाज कंपनीला आणि बँकेला लिहावे. आमच्याकडे हे काम माझ्या पुतण्याकडे आहे आणि तो रोज सकाळी सौदा सुरू होण्याआधी ते करतो.

कागद बँकेमार्फत गेले म्हणजे ते पोचतीलच, असेही समजू नये. २०२२ च्या सुरुवातीला व्हिएतनामच्या काजू निर्यातदारांनी एका दलालामार्फत इटलीला सुमारे शंभर कंटेनर विकले. त्यांतील छत्तीस कंटेनरांचे मूळ कागद त्यांच्या हातून सुटले. तिकडच्या बँकांकडून उत्तर आले की आम्हाला मूळ कागद न मिळता नुसत्या प्रती मिळाल्या आहेत. माल बंदरात आणि मूळ कागद कोणाकडे आहेत ते ठाऊक नाही, अशी त्यांची अवस्था झाली. त्यांच्या काजू संघटनेने, वकिलातीने आणि इटलीतील पोलीस व न्यायालयांनी मिळून धावपळ केल्यामुळे तो माल अखेर वाचला. संपूर्ण देशाची यंत्रणा मागे उभी राहिली म्हणून हे झाले. मिरज किंवा तासगावच्या एकट्या निर्यातदाराच्या एका कंटेनरसाठी तसे होईल याची शाश्वती मी देऊ शकत नाही. त्यामुळे खरेदीदाराने सुचवलेल्या बँकेचा पत्ता आपल्या बँकेने स्वतः पडताळावा, तिचा स्विफ्ट संकेत तपासावा आणि कागद निघण्याआधी त्या बँकेला स्वतंत्र संदेश पाठवावा, असा आग्रह मी आमच्या शाखेत धरते. पहिल्यांदा व्यवस्थापक म्हणाले, "ताई, एवढे कोणी करत नाही." आता तेच इतर ग्राहकांना हे करायला सांगतात.

लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, हे ठरलेले कागद दिल्यास पैसे देण्याचे खरेदीदाराच्या बँकेचे हमीपत्र आले की आपले लोक निश्चिंत होतात. ही निश्चिंती बरीचशी योग्य आहे, पण एलसी वाचल्यानंतरची. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या यूसीपी ६०० या नियमावलीनुसार, जी १ जुलै २००७ पासून लागू आहे, बँका कागदांशी व्यवहार करतात, मालाशी नाही. याची एक बाजू आपल्या हिताची आहे: कागद बिनचूक असतील तर माल आवडला नाही म्हणून बँक पैसे नाकारू शकत नाही. दुसरी बाजू अशी की माल उत्तम असूनही कागदात एलसीच्या अटींशी विसंगती राहिली तर बँक नकार देऊ शकते. फसवणारा नेमका येथेच जागा शोधतो. सर्वांत धोक्याची अट म्हणजे 'खरेदीदाराच्या प्रतिनिधीने सही केलेले तपासणी प्रमाणपत्र जोडावे आणि ती सही बँकेकडील नमुन्याशी जुळावी' ही. ही अट मान्य केली की पैसे द्यायचे की नाही हे खरेदीदाराच्या एका सहीवर येऊन थांबते. बाजार पडला तर तो सही करत नाही किंवा न जुळणारी करतो. तपासणी हवीच असेल तर ती दोघांना मान्य असलेल्या त्रयस्थ संस्थेने लदानापूर्वी करावी आणि एलसीत तिचेच नाव असावे. मोहोरबंद नमुन्याचे तीन संच करून एक आपल्याकडे, एक ग्राहकाकडे आणि एक तपासणी संस्थेकडे ठेवला, तर पुढे गुणवत्तेची खोटी तक्रार उभी करणे कठीण जाते.

एलसी नेहमी आपल्या देशातील ॲडव्हायझिंग बँकेकडे स्विफ्टमार्फत येते आणि ती बँक तिची सत्यता तपासून आपल्याला कळवते. खरेदीदाराने थेट मेलवर पाठवलेली एलसीची पीडीएफ ही केवळ एक चित्र आहे. एमटी ७९९ नावाचा संदेश दाखवून 'आमच्या बँकेने हमी दिली' असे सांगणारेही भेटतात. तो बँकांमधला साधा मजकूर-संदेश असतो, पैसे देण्याचे वचन नसते. पैसे पाठवल्याच्या बँक-संदेशाची, म्हणजे एमटी १०३ ची, प्रतही कोणीही तयार करू शकतो. रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याचे आपली बँक सांगेपर्यंत पैसे आलेले नाहीत, एवढे धरून चालावे.

कोणतीही खोटी सही न करता, कोणाचाही मेल न फोडता केली जाणारी एक फसवणूक मला सर्वांत क्रूर वाटते. माल बंदरात पोचतो आणि खरेदीदार गप्प बसतो. दहा दिवसांनी कळवतो की बाजार पडला आहे, रंग ठरल्याप्रमाणे नाही, तीस टक्के सूट द्या. इकडे डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आणि कंटेनर अडकून पडल्याचा दंड, दररोज चढत असतो. दुसरा ग्राहक शोधावा किंवा माल परत आणावा म्हटले तर तुर्कस्तानसारख्या काही देशांत मूळ आयातदाराचे ना-हरकत पत्र लागते, आणि ते तो देत नाही. शेवटी माल लिलावात जातो, आणि लिलावात तोच खरेदीदार दुसऱ्या नावाने उभा असू शकतो. ज्या देशात असा नियम आहे तेथे माल पाठवण्यापूर्वी निदान जाण्या-येण्याचे भाडे आणि बंदराचा खर्च भागेल एवढा आगाऊ हप्ता घ्यावा, आणि लदानाच्या आधीच ना-हरकत पत्र सही करून घेता येते का ते पाहावे. जो खरेदीदार प्रामाणिक आहे तो कुरकुर करतो, पण देतो.

पडताळणीचे मार्ग आता आपल्या हातात आहेत, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. ब्रिटनमधील कंपनी असेल तर तेथील कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, म्हणजे कंपनीज हाऊसच्या संकेतस्थळावर तिची स्थापना, संचालक आणि हिशेब विनामूल्य पाहता येतात. चार महिन्यांपूर्वी नोंदलेली कंपनी स्वतःला तीस वर्षांची सुपरमार्केट साखळी म्हणवत असेल तर पुढे जाण्याची गरज उरत नाही. युरोपातील खऱ्या, मोठ्या कंपन्यांच्या नावाने त्यांचे खरे पत्ते वापरून, फक्त मेलचा पत्ता वेगळा ठेवून उधारीवर माल मागवणारे लोक आहेत. अशा वेळी मूळ कंपनीच्या मुख्य कार्यालयात स्वतः दूरध्वनी करावा. संकेतस्थळाचे नाव कोणत्या तारखेला नोंदवले गेले तेही पाहता येते. आपल्या दूतावासांत व्यापार विभाग असतो आणि नीट लिहिलेल्या पत्राला तेथून उत्तर येते, असा माझा अनुभव आहे. व्यापारी संकेतस्थळांवर नावापुढे दिसणारी 'पडताळलेला' ही खूण अनेकदा वार्षिक वर्गणीबरोबर मिळते, तिला पत असल्याचा दाखला समजू नये. आणि आपल्याच भागातील हॉटेलांत शिबिरे घेऊन 'हमखास परदेशी ग्राहक' विकणाऱ्यांबद्दल इतकेच म्हणेन की ज्याच्याकडे हमखास ग्राहक असतो तो ते नाव दुसऱ्याला विकत नाही, स्वतः माल पाठवतो.

उधारीवर माल द्यायचाच असेल तर केंद्र सरकारच्या मालकीच्या ईसीजीसी या निर्यात-पत विमा कंपनीचा विमा घ्यावा. १९५७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था खरेदीदाराची पत तपासून त्याच्यासाठी किती रकमेपर्यंत संरक्षण देणार ते ठरवते. मला विम्याहून या तपासणीचा जास्त उपयोग झाला आहे. दोनदा ईसीजीसीने मर्यादा नाकारली म्हणून मी व्यवहार सोडला, आणि त्यांतील एका खरेदीदाराने पुढे कोल्हापूरच्या एका निर्यातदाराला बुडवल्याचे कानावर आले. मात्र विमा घेतला म्हणजे सगळे झाकले गेले असे नाही. खरेदीदाराने गुणवत्तेचा वाद उभा केला असेल तर त्याच्या देशातील न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने आणल्याशिवाय दावा मिळत नाही, आणि मर्यादा मंजूर होण्याआधी पाठवलेल्या मालाचा भरवसा धरता येत नाही.

फसवणूक झाल्यावर आपल्याकडील माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गप्प बसतो. घरात सांगत नाही, यार्डात सांगत नाही, नाव जाईल म्हणून बँकेतही सांगत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे आणि त्याने मला फार वाईट वाटते, कारण पहिल्या काही तासांत जे वाचवता येते ते त्या गप्प बसण्यात निघून जाते. मेलमधून पैसे वळवले गेले असतील तर त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या बँकांना रक्कम रोखण्याची विनंती गेली पाहिजे. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. मेल पुसून टाकू नयेत, कारण त्यांच्या मागे दडलेली तांत्रिक माहितीच पुरावा असते. मालाचा वाद असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाकडे तक्रार करण्याची तरतूद परकीय व्यापार धोरणाच्या आठव्या प्रकरणात आहे, आणि आपल्यासाठी त्यांचे कार्यालय पुण्याला आहे. तेथे निवाडा होत नाही, समेटाचा प्रयत्न होतो, तरीही अधिकृत पत्र गेल्याने काही खरेदीदार बोलू लागतात. आणखी एक कारण आहे. निर्यातीचे पैसे ठरलेल्या मुदतीत आले नाहीत तर ती नोंद रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत थकीत दिसत राहते आणि ड्रॉबॅकसारखे, म्हणजे निर्यातीवर मिळालेल्या शुल्क-परताव्यासारखे, घेतलेले लाभ परत करण्याची वेळ येते. म्हणजे माल गेला, पैसे गेले आणि वर सरकारचे देणे. आपण वेळीच तक्रारी केल्याची तारीखवार फाईल हातात असेल, तर मुदतवाढ किंवा ती रक्कम निर्लेखित करण्याचा अर्ज बँकेपुढे ठेवताना तीच उपयोगी पडते.

पलूसच्या त्या तिघांनी पैसे भरले नाहीत. पत्रात नाव असलेल्या देशातील आपल्या दूतावासाला त्यांनी माझ्यासमोर बसून मेल लिहिला आणि पाचव्या दिवशी उत्तर आले की अशी कोणतीही निविदा तेथील मंत्रालयाने काढलेली नाही. पत्र त्यांनी पोर्टलवर नोंदवले आणि त्याची प्रत आमच्या पेढीवर ठेवून गेले. मी ती फळीवर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. तीन आठवड्यांनी विट्याचे एक व्यापारी हिशेबाला आले होते. चहा घेता घेता त्यांची नजर फळीकडे गेली, ते उठून जवळ गेले आणि बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि आदल्या दिवशी त्यांना आलेले पत्र मला दाखवले. नाव त्यांच्या पेढीचे होते, माल डाळिंबाचा होता, आणि संदर्भ क्रमांक तोच होता.